मोहिते दोर ओढत होता

इकडे या रे, जरा जवळ सरका. दरवर्षी सव्वीस जानेवारीला मला सोसायटीच्या गच्चीवर खुर्चीत बसवता, शाल घालता, नारळ देता, आणि 'आता आपले माजी सैनिक दोन शब्द बोलतील' म्हणून माईक मात्र बी विंगच्या सुर्व्यांच्या हातात देता. सुर्वे माणूस चांगला, पण तो बोलायला लागला की खालचे वडे गार होतात. आणि माझ्याबद्दल काय सांगता, तर 'काकू मिलिटरीत नर्स होत्या.' अरे, नर्स होतेच, पण खांद्यावर आधी दोन तारे होते, मग तीन झाले. जवान मला सॅल्यूट मारायचे. हे तुमच्यातल्या एकालाही माहीत नाही, कारण एकानेही कधी विचारलं नाही. म्हणून यंदा लिहूनच देते. लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, बोलते तसंच लिहिते. चुका काढत बसू नका.

नाव कॅप्टन सुमन कांबळे, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, निवृत्त. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा मी लेफ्टनंट होते.

त्या हिवाळ्यात या भागात फौजेचा मोठा सराव होता. त्यासाठी तुर्भ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या बराकींमध्ये एक तात्पुरतं इस्पितळ उभं केलं होतं. मला तिथे पोस्टिंग मिळाली. नवी मुंबई तेव्हा निम्मी कागदावर होती. वाशीला इमारती झाल्या होत्या, कांद्याचं मार्केट नुकतं सुरू झालं होतं. नेरूळला आधी रस्ते झाले, घरं नंतर आली. चांगले रुंद रस्ते, खाली पाणी जायला सिमेंटच्या पाइपांच्या मोऱ्या, आणि दोन्ही बाजूंना गवत. आता जुईनगर आहे तिथे संध्याकाळी कोल्हे ओरडायचे.

आमचा दिनक्रम ठरलेला. सकाळी सहाला नाडी, ताप, श्वास, सगळ्यांचे तक्ते भरायचे. सातला खाटांच्या चादरी, कोपरे असे दुमडायचे की मेट्रनने बोट फिरवलं तरी सुरकुती सापडू नये. आठला डॉक्टरांचा राउंड. पेशंट म्हणजे मुरगळलेले पाय, चिखल्या, ताप, विंचू. वॉर्डात सगळ्यात गंभीर केस कुठली, तर एका स्वयंपाक्याने स्वतःच्या पायावर कढी सांडून घेतली होती. तो दिवसभर कण्हायचा आणि बाकीचे त्याला विचारायचे, "उस्ताद, कढीत मीठ बरोबर होतं ना?"

वॉर्डात माझ्या मदतीला पार्वतीबाई होती, नेरूळ गावची आगरी. नवरा मिठागरात कामाला. ती मला शिष्टरबाय म्हणायची आणि माझ्या लग्नाची काळजी माझ्या आईपेक्षा जास्त करायची.

त्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे बराकीसमोर एक ट्रक येऊन थांबला. कांद्याच्या गोणी भरलेल्या. ड्रायव्हर नाशिककडचा, खाली उतरायच्या आधीच ओरडायला लागला.

"ओ बाई, लवकर या! तुमचा मिलिट्रीवाला हाय! पन म्या नाय उडावला बरं का, आधीच सांगतो. रस्त्याच्या कडंला बसला व्हता. क्लीनरला इचारा."

क्लीनर म्हणाला, "खरंय बाई, बसलाच व्हता."

केबिनमध्ये एक जवान होता. युनिफॉर्मवरून सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या टेलिफोन-वायरलेसवाल्यांतला. तोंड रक्ताने माखलेलं, जबडा मोडलेला. दोन्ही डोळे दगडाच्या भुकटीने आणि सुजेने बंद. उजवा हात कोपरापासून मोडलेला. कानांतून रक्त. आम्ही त्याला आत घेतला. ड्रायव्हर जाता जाता दोन गोणी उतरवून गेला. म्हणाला, जखमींसाठी. नको म्हटलं तरी ऐकेना.

मेडिकल ऑफिसर मेजर सेठी होते. पंजाबचे, कमी बोलणारे. त्यांनी जबडा बांधला, डोळे धुऊन पट्टी बांधली, हात प्लास्टरमध्ये घातला, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. डोक्याला मार होता. ओळखपत्रावर नाव मिळालं. सिग्नलमन यशवंत मोहिते. सांगलीकडचा. मी त्याच्या कानाशी नाव घेतलं, काही नाही. माझ्या हातून स्टीलचा ट्रे खाली पडला, कढीवाला स्वयंपाकी दचकून उठून बसला, मोहिते जागचा हलला नाही. कानाचे दोन्ही पडदे फाटले होते.

म्हणजे पाहा. दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. डावा हात तेवढा शाबूत, आणि त्या तळहातावर आडवी खरचटलेली रेघ, त्यात काळं काहीतरी भरलेलं. मी ते धुतलं, पण निघता निघेना.

अर्ध्या तासात सिग्नल्सचे कॅप्टन राव जीप घेऊन आले. तरुण, हुशार, चेहऱ्यावर झोप नाही. त्यांनी सांगितलं ते असं. टेलिफोनची केबल रस्ता आला की खालच्या मोरीतून नेलेली, तिची तपासणी करायला सकाळी उजाडताच दोघं निघाले होते. हा मोहिते आणि नाईक बाबू तांबे. तांबेचा पत्ता नव्हता. ट्रकवाल्याने मोहितेला जिथून उचलला तिथे त्यांची माणसं शोधत होती. आसपास खडीच्या खाणी, सगळीकडे सुरुंग उडत होते. कुठे काय झालं ते फक्त मोहितेला माहीत.

"इससे बात हो सकती है?" त्यांनी विचारलं.

मेजर साहेबांनी मान हलवून नाही म्हटलं.

ड्रिप काढू नये म्हणून मोहितेचं डावं मनगट आम्ही सुती पट्टीने खाटेच्या दांडीला सैल बांधलं होतं. शुद्ध आल्याबरोबर तो त्या पट्टीला ओढू लागला. आधी आम्हाला वाटलं, तडफड आहे. मग कॅप्टन राव वाकून पाहू लागले. ओढण्याला एक लय होती. एक लांब, धरून ठेवलेली ओढ. मग सहा झटके. मग थांबायचा. मग पुन्हा तेच.

राव साहेबांचे डोळे चमकले. "मोर्स! सिस्टर, पेन्सिल!"

लांब ओढ म्हणजे डॅश, झटका म्हणजे डॉट, असं धरून ते माझ्या तक्त्याच्या मागे लिहू लागले. एक डॅश आणि सहा डॉट असं अक्षर मोर्समध्ये नाहीच. म्हणून त्यांनी तुकडे पाडले. आधी टी-एच-आय झालं. मग बी-एस. मग डी-एच. गावाचं नाव असेल का, नकाशावरचा चौकोन असेल का, खाणीचं नाव असेल का, सगळं लावून पाहिलं. त्यांनी मोहितेच्या तळव्यावर बोटाने मोर्समध्ये विचारलं, 'तांबे कुठे?' मोहितेने हात सोडवून घेतला आणि पुन्हा पट्टी ओढायला लागला. एक लांब, सहा झटके.

तासभर असं चाललं. मोहिते दमला होता, पण थांबत नव्हता. जबड्यातून पुन्हा रक्त यायला लागलं. ड्रिपची सुई एकदा निघालीच. राव साहेब सरळ झाले, म्हणाले, "नहीं सर, डिलिरियम है," आणि शोधणाऱ्यांकडे निघून गेले.

मेजर साहेबांनी मला सांगितलं, "सिस्टर, पॅराल्डिहाइड दे दो. ऐसे तो ये मर जाएगा."

ऑर्डर बरोबर होती. डोक्याला मार लागलेला माणूस असा झटापट करत राहिला तर काय होतं ते मी पाहिलेलं होतं. पॅराल्डिहाइड म्हणजे गुंगीचं, फार वासाचं औषध, काचेच्याच सिरिंजमध्ये भरावं लागे. मी भरलं. ट्रे घेऊन खाटेशी आले. एक सांगते. इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटला आपण आहोत हे कळलं पाहिजे, नाहीतर तो दचकतो. बाकीच्यांना 'भाऊ, सुई देते हं' म्हणता येतं. याला कसं सांगणार? म्हणून मी पट्टी हातात धरली, आणि त्याने ओढली होती तशीच परत ओढली. एक लांब, सहा झटके. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून.

मोहितेचा हात एकदम सैल पडला. सकाळपासून पहिल्यांदा.

मग त्याने दोन झटके दिले. नवे. हे आधी कधीच आले नव्हते.

मी दोन परत दिले. तो थांबला, एक मोठा श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक लांब, सहा. मी तेच परत दिलं. मग दोन. मी दोन दिले. मी मुद्दाम चुकवलं, सहाच्या जागी पाच दिले. त्याने जोरात, रागाने, सहा दिले.

पार्वतीबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "शिष्टरबाय, यो तं तुमच्याशी भांडतंय."

भांडत होता म्हणजे शुद्धीत होता. भ्रमातला माणूस तुमची चूक दुरुस्त करत नाही.

मी ट्रे घेऊन मेजर साहेबांच्या टेबलाशी गेले. "सर, डोस थांबवायची परवानगी हवी."

"क्यों?"

"पेशंट बोल रहा है, सर. आणि परत ऐकून घेतल्याशिवाय पुढचं बोलत नाही."

त्यांनी मला पाहिलं, सिरिंज पाहिली, घड्याळ पाहिलं. "आधा घंटा. फिर दवा. और ब्लीडिंग बढ़ी तो आधा घंटा भी नहीं."

मी फील्ड टेलिफोनचं हँडल फिरवून कॅप्टन रावांना गाठलं. फौजेत आपल्यापेक्षा वरच्या माणसाला प्रश्न विचारायचा तर नीट, थोडक्यात विचारायचा. मी विचारलं, "सर, मोहिते ऑपरेटर आहे का?"

"नहीं. लाइनमन."

"लाइनमन आपसात कशाने बोलतात, सर? एक जण पाइपात आणि एक बाहेर असला तर?"

ते हळूच म्हणाले, "दोर." आणि लगेच, "मेरी ग़लती. मैं हवालदार पवार को ला रहा हूँ."

पाहा, सिग्नल्सचा माणूस म्हटला की सिग्नल्सवाल्यालाच पहिल्यांदा मोर्स आठवतं. पण त्यांच्यातही ऑपरेटर वेगळे आणि तारा ओढणारे वेगळे. माझ्याही डोक्यात तोवर ते आलं नव्हतं.

हवालदार पवार साताऱ्याचे. लाइन सेक्शन त्यांचं. आले ते बुटांचा चिखल दारात झटकून, खाटेशी बसले, पट्टी हातात घेतली. मोहितेने ओढली. पवारांनी परत दिली. दोन वेळा. मग त्यांनी मोहितेचा तळहात उलटा करून पाहिला, ती काळी रेघ पाहिली, आणि त्यांचा आवाज बदलला.

"लांब ओढ म्हणजे माणूस आत आहे, हलवू नका. सहा म्हणजे सहावी मोरी. दोन म्हणजे ओढा, बाहेर काढा. तांबे मोरीत अडकलाय, साहेब. जिवंत आहे. मेला असता तर यानं 'ओढा' म्हटलं नसतं."

"आणि हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"केबल धरून चालत आलाय, सिस्टर. दिसत नव्हतं ना. केबल हातात धरली आणि तिच्या मागं मागं आला."

कढीवाला स्वयंपाकी खाटेवर उठून बसला.

सहावी मोरी. नकाशावर मोऱ्यांना नंबर होते, तुर्भ्याच्या आमच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून मोजलेले. राव साहेबांनी पार्टी पाठवली. कुदळी, पहारी, दोरखंड, एकच वन-टन गाडी. मेजर साहेबांचा अर्धा तास संपला होता. ते खाटेशी आले, नाडी पाहिली, मला म्हणाले, "कंटिन्यू."

फोन वाजला. मी उचलला, पार्टीतला जवान होता. "छह नंबर खाली है, ओव्हर."

"नीट पाहिलं?"

"इस पार से उस पार रोशनी दिखती है, मॅडम."

राव साहेब भिंतीला टेकले. पवारांनी टोपी काढून हातात धरली आणि विचार करत म्हणाले, "साहेब, ते परत फिरले असतील तर मोजणी वेगळी. आमच्यात जाताना इथनं एकपासून मोजतात. टोकाला पोचून फिरलं की दोराचा माणूस पुन्हा एकपासून धरतो. नकाशा कोण बघतंय चिखलात. पण टोकं तीन आहेत. एक हे, एक वाशीकडं मार्केटपाशी, एक नेरूळला मिठागरात. कुठल्या टोकाकडनं फिरले ते कसं कळणार?"

माणसं आणि अवजारं नेणारी गाडी एकच. रस्ते कच्चे. वाशीचं टोक एकीकडे, नेरूळचं दुसरीकडे. चुकीच्या टोकाला गेलो की परत यायला संध्याकाळ.

पार्वतीबाई दारातून म्हणाली, "शिष्टरबाय, आज अष्टमी हाय. दुपारपासना पानी चडाया लागलंय. दिवेलागनीला भरंल. खारीतल्या मोऱ्यांत पानी घुसतंय."

"किती घुसतं?" राव साहेबांनी मराठीतच विचारलं. मला माहीतच नव्हतं त्यांना मराठी बोलताही येतं.

"भांगाचं पानी हाय, साहेब. उधानावानी नाय. पन बसल्या मानसाच्या नाकापोत येल."

दुपारचे तीन वाजत आले होते.

मी मोहितेकडे पाहत होते. त्याला विचारलं तर तो सांगेल, पण विचारायचं कसं? त्यांच्या दोराच्या भाषेत 'नेरूळ' नव्हतं, 'वाशी' नव्हतं. असायची गरजच काय? दोराच्या दोन्ही टोकांना उभ्या माणसांना आपण कुठे आहोत ते माहीत असतंच. त्याला ओळखता येईल असं काय आहे माझ्याकडे? फक्त हात. तळहात.

मी पार्वतीबाईला म्हटलं, "बाहेरून मूठभर खडी आण. स्वयंपाकघरातून एक कांदा आण, आणि जाडं मीठ."

"कांदा?"

"आण गं बाई, नंतर सांगते."

तिने पदरात सगळं आणलं. कॅप्टन रावांनी विचारलं, "सिस्टर, ये क्या है?"

"नकाशा आहे, सर."

मी आधी पट्टीवर सहा झटके दिले. मग मोहितेच्या तळहातावर खडी ठेवली, म्हणजे इकडचं खाणींजवळचं टोक. त्याने बोटांनी चाचपली. हात उलटा केला, खडी खाली पडली. पुन्हा सहा झटके, आणि कांदा ठेवला. कांदा त्याने बराच वेळ धरला. मग त्याने तो अंगठ्याने ढकलून दिला, तो गडगडत स्वयंपाक्याच्या खाटेखाली गेला. तिसऱ्यांदा सहा झटके दिले, आणि मीठ ठेवलं.

खरचटलेल्या तळव्यावर मीठ. झोंबलं असेल. त्याने मूठ आवळली ती सोडलीच नाही. तीच मूठ दांडीपर्यंत नेऊन त्याने पट्टी ओढली. एक लांब. सहा. दोन. दोन. दोन.

"नेरूळ," पवार म्हणाले, आणि पळाले.

राव साहेब जाताना दारात थांबले. "सिस्टर, इसे बोलो हम जा रहे हैं."

"सांगते, सर." आणि मी दोन झटके दिले. ओढतोय म्हणून.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पवारांनी सांगितलेलं लिहिते. मिठागराच्या टोकापासून सहावी मोरी नव्या रस्त्याखाली होती, आणि त्या रस्त्यासाठी पलीकडचं टेकाड सुरुंगाने फोडत होते. सुरुंगवाल्यांना मोरीत माणूस आहे हे माहीत नव्हतं, आणि या दोघांना सुरुंग लागणार हे माहीत नव्हतं. वरचं तोंड दगडांनी बुजलं, मधला पाइप फुटून खाली बसला तो तांबेच्या मांडीवर. खालचं तोंड खाडीकडे उघडं होतं, म्हणून हवा होती आणि म्हणूनच पाणीही येत होतं. बुजलेल्या तोंडाशी दगड हाताने ओढून बाजूला केल्याच्या खुणा होत्या, त्यावर रक्त. जमलं नाही तेव्हा मोहितेने केबल धरली. मिठागराचं टोक जवळ होतं, पण तिथे आपली, फौजेची माणसं नव्हती. माणसं तुर्भ्याला होती. तो तिकडे गेला.

पार्टी पोचली तेव्हा पाणी तांबेच्या छातीला लागलं होतं. खालच्या तोंडाकडून घुसून त्यांनी पाइप पहारीने उचलून धरला आणि त्याला काढला. पवारांनी त्याला म्हणे पहिला प्रश्न विचारला, "काय रे, आंघोळ झाली का?" तांबे म्हणाला, "मोहिते कुठाय?"

पाचच्या सुमारास फोन वाजला. पवार होते. "निघाला, सिस्टर. पाय मोडलाय, बाकी ठीक. आणतोय."

"मोहितेला कसं सांगू? माणूस बाहेर आला याची काय खूण असते?"

"झटका नसतो त्याला," पवार म्हणाले. "माणूस बाहेर आला की दोर सोडतात. हातात हलका येतो. त्यावरनं कळतं."

मी मेजर साहेबांकडे पाहिलं. पट्टी त्यांच्या ऑर्डरने बांधली होती. ते म्हणाले, "खोल दो."

पण मी लगेच सोडली नाही. म्हटलं, तांबेला येऊ दे. ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी.

तांबेला स्ट्रेचरवरून आणला. चिखलाने माखलेला, थंडीने काकडत होता. मी त्याला आधी ड्रेसिंगला न्यायला हवं होतं. तो म्हणाला, "सिस्टर, मला त्याच्या बाजूला ठेवा. दोर माझ्याकडं द्या." मेजर साहेबांनी मान हलवली. आम्ही स्ट्रेचर खाटेला लावून ठेवला. दांडीची गाठ सोडून पट्टीचं टोक तांबेच्या हातात दिलं.

त्याने ओढली. पण मला आतापर्यंत कळलेलं असं ते काहीच नव्हतं. आखूड, लांब, मध्येच थांबणं, पुन्हा आखूड. पवारसुद्धा पाहत राहिले. मोहितेच्या गळ्यातून एक आवाज आला. जबडा बांधलेला होता, पण मी वर्षानुवर्षं पेशंटांमध्ये काढली आहेत. तो हसला होता. मग त्याने त्याच्याकडून काहीतरी परत दिलं, तेवढंच लांबलचक. मग तांबेने पट्टी सोडली, आणि मोहितेने ती बोटांनी थोडी थोडी ओढत सगळी आपल्या मुठीत घेतली आणि झोपला. औषधाची गरज लागली नाही.

मी पवारांना विचारलं, "काय बोलले?"

"काय की, सिस्टर. आमच्या यादीत नाही ते."

मोहितेचं नाव त्या रात्री गंभीर रुग्णांच्या यादीत घातलं. दुसऱ्या दिवशी त्याला मोठ्या इस्पितळात हलवायचं ठरलं, पण हलवण्यासारखा राहिला नाही. डोक्यात आत रक्त साचत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या आधी तो गेला. शेजारच्या खाटेवर तांबे जागा होता. वॉर्डातले चालू शकणारे सगळे उठून उभे राहिले. कढीवाला स्वयंपाकी भाजलेल्या पायावर उभा राहिला. त्याला मी बस म्हटलं नाही.

वडील सांगलीहून आले. पांढरं धोतर, हातात टोपी. सगळे कागद झाल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, जाताना काय बोलला का आमचा यशवंत?"

दुसऱ्या कुणी असतं तर म्हणालं असतं, जबडा मोडला होता, कसा बोलणार? मी म्हटलं, "बोलला, बाबा. नीट, स्पष्ट बोलला. आणि जो निरोप होता तो पोचला."

त्यांनी मान हलवली. "मग झालं," म्हणाले.

तांबेचा पाय थोडा आखूड राहिला. फौजेतून लवकर घरी आला, दापोलीकडे बागायत केली. मी निवृत्त झाले, इथे नेरूळला हा ब्लॉक घेतला. पार्वतीबाईच्या नातवाचं मच्छीचं दुकान सेक्टर सहाला आहे, सुरमई त्याच्याकडेच घ्या. मेजर साहेब गेले, पवार मागच्या वर्षी गेले. यशवंताच्या घरचं आता पत्राला उत्तर येत नाही.

पण तांबे दरवर्षी येतो. मार्गशीर्षात, शुद्ध अष्टमीला. काठी टेकत, एसटीने, बरोबर नारळाची पिशवी. यशवंत मोहितेचं नाव घेतो, मी घेते, आणि आम्ही जेवतो. दरवर्षी मी विचारते, "बाबू, त्या दिवशी दोरावर काय बोललात रे तुम्ही दोघं?" दरवर्षी तो म्हणतो, "आमचं हाय ते, सिस्टर. वाढा."

आता आम्ही दोघंच उरलो. दोघांनी नाव घ्यायचं म्हणजे एकाने घेतलं की दुसऱ्याने ऐकायचं, संपलं. म्हणून म्हणते, तुम्ही या. अष्टमीची वाट बघू नका, आम्ही दोघंही त्या वयाचे नाही राहिलो. तांबेला मी फोन करून लवकर बोलावून घेते. सुर्व्यांनाही आणा, त्यांना खुर्चीवर बसवू आणि माईक देणार नाही. चार जणांनी मोहितेचं नाव घेतलं तर घर भरल्यासारखं वाटेल. आणि तुमच्यातल्या कुणी लाडीगोडीने विचारलं, तर म्हातारा कदाचित सांगेलही. याच रविवारी या. दार उघडंच असतं.